किल्लारीच्या भूकंपानंतरची घरं: लोकांना विचारलं होतं की, मग चुकलं कुठं?

गेल्या महिन्यात आमच्या इकडच्या एका नगरपरिषदेत घरकुलाच्या प्रोजेक्टची मिटिंग होती. वस्तीच्याच जागेवर बिल्डिंगा टाकायच्या, एकेक घर 30 चौरस मीटर कार्पेट, म्हणजे सव्वातीनशे फुटाच्या आसपास. मी सर्वेच्या टीममध्ये आहे, घरोघरी फिरून फॉर्म भरायचे, रेशन कार्ड आधार कार्ड बघायचं, एका छताखाली चुली किती ते मोजायचं, असलं काम. चहा झाल्यावर मी सहज विचारलं की हे ड्रॉइंग लोकांना कधी दाखवायचंय, तर कन्सल्टंटकडचा पोरगा म्हणला, सर लोकांना नकाशा कळत नाही, आपण एक सभा घेऊ, सह्या घेऊ आणि डीपीआरला, म्हणजे प्रकल्पाच्या सविस्तर अहवालाला, जोडून टाकू. पोरगं वाईट नाही, हुशार आहे, पण मला हसूच आलं. कारण माझं अख्खं आजोळ ह्याच वाक्यावर उभं आहे.

आजोळ लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात, तेरणा नदीच्या पट्ट्यात. मी तेव्हा सहावीत होतो. 1993 साल, अनंत चतुर्दशीला गणपती विसर्जन करून लोकं उशिरा झोपली आणि 30 सप्टेंबरला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. त्याच्या आधी वर्षभर, 1992 पासूनच, किल्लारीच्या आसपास जमिनीतून आवाज यायचे, बारके बारके धक्के बसायचे, लोकं काही रात्री अंगणात झोपली, मग काही झालं नाही म्हणून परत घरात गेली. तेव्हाच्या नकाशात आपला हा भाग भूकंपाच्या सगळ्यात खालच्या झोनमध्ये होता (पुढं तो झोन 3 मध्ये घेतला). 8,000 च्या आसपास माणसं गेली, त्यात आमच्यातलीही होती, त्यावर इथं लिहित नाही.

माणसं कशानं मेली ते मात्र सांगायला पाहिजे, पुढचं सगळं त्यावरच आहे. आपल्याकडची जुनी घरं म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, आत लाकडी खांब-तुळया आणि वर माळवद, म्हणजे फळ्यांवर फूटभर नाहीतर त्याहून जास्त मातीचा थर, दरवर्षी पावसाळ्याआधी त्यावर अजून पांढरी माती टाकायची. उन्हाळ्यात आत थंडगार. पण भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना एकमेकांत बांधणारा लांब दगडच नाही, मधी नुसती माती आणि गोटे, त्यामुळं हादरा बसला की भिंत फुगून फुटायची आणि वरचं वजन खाली. कित्येक ठिकाणी लाकडाचा सांगाडा तसाच उभा राहिलेला आणि भिंती सगळ्या आत पडलेल्या. म्हणजे दोष दगडाचा नव्हता, बांधण्याच्या पद्धतीचा होता. पण हे तेव्हा कुणाला सांगणार, लोकांना दगड बघवत नव्हता. आमची आज्जी त्यानंतर मरेपर्यंत दगडी भिंतीच्या घरात झोपली नाही.

मग सरकारनं जागतिक बँकेचं कर्ज घेऊन मोठा कार्यक्रम काढला, महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम. गावांचे तीन वर्ग केले. अ वर्गात सगळ्यात जास्त पडलेली लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबादमधली 52 गावं, ही दुसऱ्या जागेवर नवीन वसवायची. ब वर्गातली गावं आहे त्या जागी बांधायची. आणि क वर्गात तेरा जिल्ह्यांतली दोनेक लाख घरं, जी पडली नाहीत पण खिळखिळी झाली, त्यांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण. आजोळ अ मध्ये गेलं आणि आमचं स्वतःचं गाव, तीसेक किलोमीटरवरचं, क मध्ये. त्यामुळं मला दोन्ही बाजू घरातूनच बघायला मिळाल्या, हे नशीब म्हणा नाहीतर काहीही म्हणा.

आता मुद्द्याचं. लोकांना विचारलं नाही असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. कागदावर तरी लोकसहभाग ह्या कार्यक्रमात पहिल्यापासून होता. गावोगाव समित्या होत्या, ग्रामसभा झाल्या, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची माणसं लोकसहभागासाठी नेमलेली होती. मामा स्वतः समितीत होता. तो सांगतो की साहेब लोक जीपमधनं आले, मांडवात नकाशे लावले, हे बघा असा चौकोनी प्लॅन, सरळ रस्ते, शाळा इथं, दवाखाना इथं, समाजमंदिर इथं, पसंत असेल तर हात वर करा. सगळ्यांनी हात वर केले. मामा म्हणतो, "वर करणार नाही तर काय करणार, पत्र्याच्या शेडमधी पोरंबाळं घेऊन बसलो होतो, साहेब म्हणले असते चंद्रावर गाव बांधू तरी हात वर केला असता."

माझ्या मते ह्या प्रकरणातली पहिली गाठ इथं आहे. विचारलं, पण कधी विचारलं? माणसाला दगडाची भीती, जुन्या पांढरीची, म्हणजे गावठाणाच्या जागेची भीती, डोक्यावर पत्रा, अशा टायमाला तो जे मागतो ते त्यानं खरंच मागितलेलं असतं, खोटं नसतं. गाव हलवा ही मागणी लोकांचीच होती. सिमेंटचं घर द्या ही पण लोकांचीच. शहरासारखे मोठे रस्ते बघून लोकांना बरंही वाटलं होतं, अरुंद गल्लीत मलबा पडून माणसं बाहेर निघू शकली नव्हती हे ताजं होतं. पण पाच-दहा वर्षांनी तोच माणूस त्या गावात कसा जगणार, हे ना त्याला सुचत होतं ना त्याला कुणी विचारत होतं.

दुसरी गाठ म्हणजे कुणाला विचारलं. मांडवात पुढं बसलेले कोण, तर सातबारावाले. मामी म्हणते आम्ही बाया मागं लिंबाच्या झाडाखाली, काय बोलले ते ऐकूच आलं नाही. आणि घरात दिवसभर राहणार कोण, तर मामी.

घराचा साइज ठरला तो जमिनीवर. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला 400, त्याच्या वरच्याला 750. आता हे बघायला सरळ वाटतं, भांडणं नको म्हणून एक मोजमाप पाहिजेच होतं, पण ह्यात घरात माणसं किती हा प्रश्नच नाही. आमच्या आजोळी तीन भाऊ, तिघांची लग्नं झालेली, आणि सातबारा आजोबांच्या नावावर. एक सातबारा, एक घर. जुन्या वाड्यात तिघांच्या तीन चुली कुणाला कळत पण नव्हत्या, खणाखणात संसार मांडलेले. (आपल्याकडं घर फुटात मोजतच नाहीत, पाच खणाचं, सात खणाचं असं मोजतात, खांबापासून खांबापर्यंत एक खण. चौरस फूट हे भूकंपानंतर शिकले लोकं.) नव्या घरात दोन खोल्या आणि तीन सुना. पुढं ह्याच्यातनं वाढीव कुटुंबाची मागणी निघाली आणि ती कितीतरी वर्षं चालली, ज्यांना घरं मिळाली त्यातल्या काहींचे कबाले, म्हणजे मालकीचे कागद, पण वर्षानुवर्षं लटकले. हे सगळं पहिल्याच सर्वेत कळलं असतं, फॉर्ममध्ये फक्त "चुली किती" एवढा एक कॉलम पाहिजे होता. मी आज सर्वेत चुली मोजतो ते उगाच नाही.

तिसरी गोष्ट घराच्या आतली. जुन्या घरात शिरलं की आधी ढाळज, तिथं गडीमाणसं, पाहुणेरावळे, हिशेब, सोयरिकीच्या गोष्टी. मग अंगण, एका बाजूला गुरं, वर कडबा. मग ओसरी, मग माजघर आणि चूल. म्हणजे रस्त्यावरचा माणूस थेट चुलीपर्यंत येतच नव्हता, बाईला डोक्यावरचा पदर जरा खाली सोडून बसता येत होतं. धान्य साठवायला बळद, बारीकसारीक सामानाला भिंतीत देवळ्या, म्हणजे कोनाडे. नव्या घरात दार उघडलं की समोर सगळं दिसतं, पार मागच्या भिंतीपर्यंत. भिंत सहा-आठ इंची, देवळी कुठनं येणार. गुरांना जागा नाही, कडब्याची गंजी कुठं लावावी ते कळत नाही, ज्वारीची पोती झोपायच्या खोलीत. संडास होता, पण पाण्याचा पत्ता नाही म्हणून त्यात गोवऱ्या आणि खुरपी-विळे ठेवले लोकांनी, ह्यावर अधिकारी हसायचे की बघा हे गावठी लोक. पाणी नसताना त्यांनी स्वतः वापरून दाखवायचा होता.

आणि गाव केवढं झालं! जुनं गाव दाट, हाक मारली की ह्या टोकाचं त्या टोकाला ऐकू यायचं. नवं गाव त्याच्या कितीतरी पट जागेत पसरलं, ही सगळी शेतजमीन घेऊन केलेली. मोठे रस्ते म्हणजे मोठी पाइपलाइन, लांब नाल्या, जास्त दिवे, आणि हे सगळं चालवायचं कुणी तर तीच ग्रामपंचायत जिच्याकडं झाडूवाल्याचा पगार द्यायला पैसे नाहीत. काही गावांत 250 वाल्यांच्या लायनी वेगळ्या, 750 वाल्यांच्या वेगळ्या, त्यामुळं भावकी इकडं तिकडं झाली. मामीची सगळ्यात जवळची जाऊ गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. मामी म्हणायची, "आधी भिंतीवरून कालवण द्यायचो, आता तिच्याकडं जायचं म्हणलं की साडी बदलावी लागती."

बरीच गावं संस्थांनी आणि कंपन्यांनी दत्तक घेतली होती, प्रत्येकाचा इंजिनियर वेगळा, प्रत्येकाची आयडिया वेगळी. गुबाळ गावात तर घुमटासारखी गोल घरं बांधली. भूकंपाला ती मजबूत असतील, मी नाही म्हणत नाही, फोटो काढायला आजही लोकं जातात. पण गोल भिंतीला कपाट कसं लावायचं आणि पोराचं लग्न झालं की खोली कुठनं वाढवायची? चौकोनी घराला एक खोली चिकटवता येते, घुमटाला काय चिकटवणार. घर पुढं वाढणार आहे हे गृहीत न धरणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते, आपल्याकडं घर कधीच पूर्ण होत नसतं, पैसे आले की एक खोली, सून आली की एक खोली.

लोकांनी पुढं काय केलं ते बघितलं की प्लॅनमध्ये काय नव्हतं त्याची यादीच मिळते. पुढं पत्र्याचं शेड, ती ढाळज झाली. मागं कुडाची नाहीतर विटांची खोली, चूल तिथं. बाजूला गोठा. सिमेंटचं मूळ घर मधी, त्यात सोयाबीनची पोती आणि पाहुण्यांसाठी दिवाण. काहींनी तर पैसे आल्यावर परत दगड वापरला, त्याच जुन्या पद्धतीनं मातीत रचून, म्हणजे जे टाळायला एवढा खटाटोप केला तेच मागच्या दारानं आलं. ह्याला अडाणीपणा म्हणणारे खूप भेटले मला. पण गवंड्याला सिमेंटचं घर वाढवायचं कसं हे कुणी शिकवलंच नव्हतं, घरं बाहेरच्या ठेकेदारानं बाहेरच्या मजुरांकडून बांधली आणि गावाला चावी दिली. गवंडी बिचारा शेजारी उभा राहून बघत होता.

एक गोष्ट मात्र मला प्रामाणिकपणे लिहावी लागेल नाहीतर हे सगळं वाडेवाल्यांचं रडगाणं होईल. गावाबाहेरच्या वस्तीतल्या भूमिहीन लोकांना विचाराल तर उत्तर वेगळं मिळतं. माझ्या मामाच्या शेतात कामाला असलेले एक तात्या होते, त्यांचं जुनं घर म्हणजे कुडाची एक खोली, तीही पावसाळ्यात गळायची. त्यांना 250 फुटाचं पक्कं घर मिळालं, स्वतःच्या नावानं. ते म्हणायचे, "तुमचा वाडा गेला म्हणून तुमी रडायलाव, आमचं काय गेलं? आमाला घर आलं." ग्रामसभेत तेही मागंच बसले होते, त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं, पण त्यांच्या बाबतीत न विचारता सुद्धा बऱ्यापैकी बरोबर निघालं. त्यामुळं "लोकांना काय हवं" असं एका वाक्यात कुणी बोललं की मी सावध होतो, कुठल्या लोकांना ते आधी सांगा.

आता आमचं गाव, क वर्ग. इथं सरकारनं घर बांधून दिलंच नाही. घरमालकाच्या बँक खात्यात हप्त्याहप्त्यानं पैसे, आणि काम करून घ्यायचं तुम्ही, गवंडी तुमचा, देखरेख तुमची, ज्युनियर इंजिनियर येऊन बघणार आणि मग पुढचा हप्ता. सुरुवातीला काही पुढं सरकेना. लोकांना वाटायचं हे भिंतीत भोकं पाडून लांब दगड घालायचं काय नाटक आहे, त्यापेक्षा अ वर्गासारखं नवं घर द्या. इंजिनियर एक आणि त्याच्याकडं कितीतरी गावं. मग स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था यात आली आणि गावातल्या बायांनाच संवाद सहायक म्हणून नेमलं, महिला मंडळातल्या बाया. हजारावर गावांत हे झालं.

आमच्या गावची संवाद सहायक म्हणजे आमची शेजारीण काकू, शिक्षण चौथी. ती घरोघरी जाऊन सांगायची की हप्ता का अडकला, कोपऱ्याला लोखंड कसं बांधायचं, दाराच्या वरून घराभोवती सिमेंटचा पट्टा फिरवायचा म्हणजे भिंती फाकत नाहीत, माळवदावरची माती कमी करा. गवंडी आधी तिला उडवून लावायचा. मग तिनं काय केलं, बाकीच्या चार बाया घेऊन बांधकामावर जाऊन बसायची, पाणी मारलं का नाही, वाळू चाळली का नाही. माझी आई त्यातली एक. वडलांना ते बिलकुल आवडलं नव्हतं पण हप्ता वेळेवर आला तेव्हा गप बसले.

आणि इथं एक मजेशीर गोष्ट झाली जी प्लॅनवाल्यांनी धरलेलीच नव्हती. बहुतेक लोकांनी जुन्या घराचं मजबुतीकरण केलंच नाही, त्या पैशात शेजारी एक नवीन खोली बांधली, पट्ट्यावाली, हलक्या छताची. आम्ही पण तेच केलं. कागदावर बघितलं तर उद्देश फसला, जुनी भिंत तशीच राहिली की. पण रात्री झोपायला सगळे त्या खोलीत, जुनं घर दिवसा आणि सामानाला. भीतीचा हिशेब लोकांनी आपापल्या पद्धतीनं लावला होता. ती खोली आजही आहे, आई तिथंच झोपते, आणि तिच्या मागं 2009 साली आम्ही अजून एक काढली, तीही पट्टा फिरवून, कारण तोपर्यंत गवंड्याला ते सवयीचं झालेलं. अ आणि क मधला खरा फरक माझ्या डोक्यात हाच आहे. पैसे कुणाच्या हातात होते आणि बांधताना उभं कोण होतं. सहभागाच्या समित्या दोन्हीकडं होत्या.

2001 ला भुजला भूकंप झाला तेव्हा आपल्या भागातल्या बाया कच्छला गेल्या होत्या, तिथल्या बायांना सांगायला. तिकडं बहुतेक लोकांनी गाव हलवायला नकार दिला आणि पैसे हातात घेऊन आपली घरं आपण बांधली. लातूर बघून ते शहाणे झाले एवढं सरळ मी म्हणणार नाही, त्यांची कारणं त्यांची, पण आपल्या 52 गावांची गोष्ट तिकडं पोचली होती हे नक्की.

तर परत आमच्या नगरपरिषदेवर येतो. बिल्डिंगचं काम आहे, इथं प्रत्येकाला पैसे देऊन स्वतः बांधा म्हणता येत नाही हे मला कळतं. पण नकाशा कळत नाही म्हणून विचारायचंच नाही हे पटत नव्हतं. मी त्या पोराला म्हणलं, मला एक रविवार दे आणि दोन पोती फक्की, रेघा आखायची पांढरी पूड, दे. वस्तीतल्या मोकळ्या पटांगणात आम्ही फक्कीनं खराखुरा, फुटाला फूट, एक फ्लॅट आखला. हॉल, बेडरूम, किचन, संडास, दाराच्या जागा सोडलेल्या. आणि सकाळी नळाच्या टायमाला आखला, म्हणजे बाया तिथंच असतात.

पहिला अर्धा तास नुसती पोरं लंगडी खेळली त्यात. मग एक मावशी हंडा खाली ठेवून आत शिरल्या, दारातनंच, रेषेवर पाय न देता. म्हणल्या बाज आणा रे. पोरांनी बाज आणली, ती बेडरूममध्ये टाकल्यावर दार उघडायला जागाच राहिना. मग शिलाई मशीन आणली एकीनं, ती खिडकीपाशी पाहिजे, उजेड लागतो. खिडकी होती संडासाच्या बाजूला. मग पापड करणाऱ्या दोघी आल्या, वाळवण कुठं घालायचं, गच्चीला कुलूप असणार का, चावी कुणाकडं? हातगाडीवाले काका म्हणले आमची गाडी रात्री कुठं लावणार, तिसऱ्या मजल्यावर नेऊ काय. एका आजीबाईंनी तर सरळ चूल मांडायची जागा दाखवली, कुणीतरी म्हणलं आजी गॅस आहे, तर म्हणल्या गॅस हाय, पर भरायला पैसे कुठं हायत.

कन्सल्टंटकडचा पोरगा आधी गाडीला टेकून मोबाईल बघत होता. बाज आली तेव्हा जवळ आला. मग टेप काढला, मग वही काढली. दुपारी बारापर्यंत त्यानं दोन दारं हलवली, खिडकीची बाजू बदलली आणि तळमजल्यावर हातगाड्यांसाठी एक पट्टा सोडायचा का ते बघतो म्हणला. तेवढ्यानं खर्च किती वाढतो ते अजून बसून काढायचंय, मुख्याधिकारी काय म्हणतील ते पण माहीत नाही, आणि गच्चीच्या चावीचा विषय तर कुणाच्याच हातात नाही असं सगळे म्हणतात.

निघताना त्या मावशींनी विचारलं, "लेकरा, ही रेघ अशीच राहणार का पुसून टाकणार?" मी म्हणलं पाऊस येईपर्यंत राहील. परवा गेलो होतो तर फक्की जाऊन तिथं कुणीतरी विटांचे तुकडे मांडून ठेवलेत, आणि बेडरूमचं दार त्यांनी आमच्या नव्या ड्रॉइंगपेक्षा अजून एक हात डावीकडं सरकवलंय.